रेघेपर्यंत पाणी

टाकीच्या काचेवर मुलाने काळ्या मार्करने एक रेघ ओढून ठेवली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘इथपर्यंत’. अक्षर गचाळ. शाळेत होता तेव्हापासून गचाळच, आणि त्यावरून मी त्याला पुष्कळ बोललो आहे. आता काच पुसताना त्या शब्दाच्या कडेकडेने फडकं फिरवतो. मार्कर पुसट झाला तर काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टाकी आमच्या धारगळच्या घरात, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत आहे. आडवी टीव्हीएवढी, फार मोठी नाही. आत समुद्रासारखं खारं पाणी, दोन नारिंगी मासे, थोडे शंख, एक लाल पट्ट्यांची कोळंबी आणि पोवळी. पोवळं म्हटलं की मला आयुष्यभर अंगठीतला खडाच आठवायचा. मुलाच्या पत्रिकेत मंगळ निघाला तेव्हा भटजींनी पोवळं घालायला सांगितलं होतं. हा हसत सुटला. म्हणाला, “मेलेला कित्याक बोटाक बांधूक होया? जिता पोवळा हाडतंय घरात.” आणि खरंच आणलं. लग्न काही जमलं नाही, पण पोवळी मात्र जमली.

समुद्रातलं पोवळं उचलायला बंदी आहे, ते तो कधीच करायचा नाही. डिचोलीला बँकेत काम करणारा त्याचा एक मित्र घरी पोवळी वाढवतो. त्याने स्वतःच्या टाकीतले तुकडे कापून दिले होते. नखाएवढे तुकडे. ते दगडाला चिकटवून ठेवायचे आणि वाट बघायची. कोणी मला सांगितलं असतं की ह्या जेलीसारख्या थेंबांसाठी माणूस पंखे लावतो, दिवे लावतो, पाणी मोजतो, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मुलाला काढलंच होतं.

मी डिचोलीच्या बाजूच्या खाणींवर पंप चालवणारा माणूस. पावसात खाणीचे खड्डे भरायचे आणि आम्ही ते उपसायचो. पाणी म्हणजे माझ्यासाठी बाहेर फेकायची वस्तू. खाणी बंद पडल्या, खड्डे भरले, आता तिथे हिरवीगार तळी झाली आहेत आणि लोक जाऊन फोटो काढतात. मुलगा मला म्हणायचा, “बाबा, जलमभर तू पाणी उपसलंस. आता जरा सांभाळूक शीक.” मी म्हणायचो, मासे ताटात असले म्हणजे पुरे. तो दुर्लक्ष करायचा. आमच्या घरात एकमेकांवर माया करायची पद्धत अशीच होती, एकाने टोमणा मारायचा आणि दुसऱ्याने ऐकलं नाही असं दाखवायचं.

तो गेला त्याच हमरस्त्यावर, जो आमच्या जनेलातून दिसतो. कामावरून स्कूटरने येत होता. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. लिहायचं आहे ते इस्पितळातल्या दिवसाबद्दल. तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून पाणी द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते बरोबरच होतं, त्यात कोणाची चूक नाही. त्याच्या आईला आत सोडलं होतं. ती कापूस ओला करून त्याच्या ओठांना लावत होती. तो तिच्याकडे बघून म्हणाला, “आई, घोटभर.” तिने दिलं नाही. ऑपरेशननंतर दे म्हणाले होते. ऑपरेशननंतर तो उठला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की तो जिथे शेवटचा निजवला तिथे दिवा ठेवतात आणि दिव्याशेजारी पाण्याचं भांडं. सकाळी घरातली जाणती बाई वाकून बघते आणि पाणी थोडं खाली गेलं असलं की म्हणते, “पियालो,” म्हणजे तो प्यायला. उन्हाळ्याचे दिवस, दिव्याची धग, पाणी खाली जाणारच. मी पंपवाला, मला पाणी कुठे जातं ते कळतं. पण बायको रोज सकाळी त्या भांड्याजवळ जायची आणि तो शब्द ऐकून तिचा चेहरा जरा सैल व्हायचा, म्हणून मी गप्प राहिलो. तेराव्याला भटजींनी दिवा उचलायला लावला, भांडं उचलायला लावलं. बायकोने विचारलं, “आणि उद्या तेका तान लागली तर?” माझ्या थोरल्या वहिनीने तिला दटावलं की आता पाणी ठेवायचं नाही, ठेवलं तर तो अडकून राहतो, त्याला वाट मोकळी करून द्यायची. बायकोने मान हलवली. घरातल्या मोठ्यांचं तिने कधी मोडलं नाही.

टाकी माझ्या गळ्यात आली. घरात दुसरं होतंच कोण? दिव्याला टायमर होता म्हणून दिवा लागायचा, पंप चालू होता म्हणून पाणी फिरायचं, बाकी सगळं मलाच शिकावं लागलं. मी डिचोलीच्या त्या मित्राला फोन करायचो. तो बिचारा बँकेतून सुटल्यावर समजावून सांगायचा. पाणी फार तापता कामा नये, म्हणून वरून पंखा सोडायचा. पंख्याने पाणी थंड राहतं, पण उडून जातं. पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घातलं तर मीठ चढत जाऊन सगळं मरतं. मुलाचा एक प्लास्टिकचा जग होता. गोड पाणी फिल्टरमधून त्या जगात घ्यायचं आणि रेघेपर्यंत ओतायचं. रेघ कशाला होती ते मला तेव्हा कळलं.

मी एवढी मेहनत का घेत होतो ते सरळच सांगतो. त्याचे कपडे वाटून टाकले होते. स्कूटर भंगारात गेली होती. घरात त्याने हाताने लावलेली आणि अजून जगणारी एवढी एकच गोष्ट उरली होती. त्या नखाएवढ्या तुकड्यांची आता झाडं झाली होती. बटणासारखी हिरवी पोवळी दगडभर पसरली होती. सगळ्यात मोठं एक लेदर पोवळं, अळंबीसारखं, छत्री उघडून त्यावर बारीक बोटं हलवत बसायचं. दुपारी दिवा लागला की ते हळूहळू फुलायचं. मी समोर खुर्ची टाकून बसायचो. ही पोवळी मेली तर मुलगा दुसऱ्यांदा जाईल असं मला वाटायचं, आणि मी काही हळवा माणूस नव्हे.

मग ते सुरू झालं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी मी रस्त्याच्या कडेने फिरायला जातो, चहा पितो, येताना पोदेराकडून पाव घेतो आणि घरी आलो की टाकीकडे बघतो. रात्रभर पंखा चालल्यावर पाणी बोटभर खाली जायला हवं. एक दिवस ते बरोबर रेघेवर होतं. मला वाटलं, काल मी भर घातली आणि विसरलो असेन. दुसऱ्या दिवशीही रेघेवर. आठवडाभर रेघेवर. पंखा तर फिरत होता. मी पंख्याखाली हात धरून बघितलं, वारा लागत होता. फरशी कोरडी होती. पाणी उडत नाही असं होणार नाही, आणि मी तर भर घालत नव्हतो.

खाणीवर असताना आमच्यातले कितीतरी लोक खड्ड्याच्या तोंडाशी नारळ फोडल्याशिवाय खाली उतरायचे नाहीत. जागेचा राखणदार असतो, तो पाणी वर चढवतो, तो पंप बंद पाडतो. मी त्यांची थट्टा करायचो. पंप बंद पडतो तो वॉशर गेल्यामुळे, राखणदारामुळे नव्हे, असं मोठ्याने सांगायचो. सगळ्या आयुष्यात मी भुताला भ्यालो नाही. आणि आता दिवसाढवळ्या, हातात पावाची पिशवी घेऊन, मी माझ्याच घरात काचेसमोर उभा राहिलो की माझ्या मानेवर काटा यायचा.

मी मीठ मोजलं. त्याची एक दुर्बिणीसारखी नळी आहे, थेंब टाकून उजेडाकडे धरून बघायचं. मीठ जागच्या जागी होतं. म्हणजे जे कोण भर घालत होतं, ते गोडं पाणीच घालत होतं आणि रेघ बघून घालत होतं. चोराला हे सुचणार नाही. जाणकाराचंच काम. मी नळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा मला रडू आलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. मला आनंद झाला होता.

पुढे मी भर घालणं मुद्दाम सोडूनच दिलं. जग भरून ठेवायचो आणि हात लावायचो नाही. त्या खोलीत शिरताना खाकरायचो, जसं आत कोणी असलं तर आपण करतो. त्याची चप्पल अजून दाराशी होती, ती नीट जुळवून ठेवली. एकदा मी टाकीला म्हटलं, “आलंस काय रे?” पंपाची गुरगुर चालू होती. हमरस्त्यावरून ट्रक गेला आणि पाण्यावर बारीक लहर उठली, तशी ती रोजच उठते. मला ती उत्तरासारखी वाटली. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. ती हबकेल असं मी स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी की तो माझ्याकडे येतो, हे मला कोणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.

मग कोळंबी मेली. दगडाच्या फटीत तिचे लाल पट्टे आडवे पडलेले दिसले. मी मनाला समजावलं, जिवाचं काय, मरतं. त्यानंतर शंख काचेवरून गळून तळाला पडू लागले. मासे मात्र मजेत होते, खायला घातलं की झडप घालायचे. पण बटणं उघडेनात. दुपारी दिवा लागायचा आणि सगळी मिटून बसलेली. लेदर पोवळं आक्रसून मुठीएवढं झालं, वरची बोटं आत ओढून घेतली. मी समोर बसून राहायचो. पाणी रेघेवर होतं. मला कळेना, हा रोज येतो, रोज पाणी घालतो, मग त्याचीच पोवळी का मरतात? की त्यालाच ती न्यायची आहेत? त्या खोलीत भर दुपारी माझ्या मनात असले विचार यायला लागले होते.

शेवटी मी डिचोलीच्या मित्राला बोलावून घेतलं. तो शनिवारी आला, वाकून बघितलं, तोंड बारीक केलं. त्याने छोट्या बाटल्यांत पाणी घेतलं, एकामागून एक थेंब घालून तपासलं. एका बाटलीचा रंग बदलला. तो म्हणाला, “काका, पाण्यात तांबा आसा. माशांक कांय जावचा नाय. पोवळ्यांक आणि कोळंबीक मात्र ह्या विषच.” मी म्हटलं, तांबं कुठून येणार? सगळा पंप सोडवून बघितला, तारा बघितल्या, पंख्याचे स्क्रू बघितले. तारेचा एके ठिकाणी टवका उडाला होता, पण आतली तार उघडी नव्हती. तोही डोकं खाजवत बसला. जाताना त्याने तांबं शोषून घ्यायला कोळशाची पिशवी दिली, पाणी बदलायला सांगितलं आणि दारात थांबून विचारलं, “घरात तांब्याचा कांय लागता मा पाण्याक?” मी नाही म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा तांब्याच्या तारांखेरीज दुसरं काही नव्हतं.

सोमवारी पाय मुरगळला म्हणून मी फिरायला गेलो नाही. आतल्या खोलीत खाटेवर पडून होतो. बायको न्हाऊन आली, तुळशीकडे गेली, तिथलं तिचं पुटपुटणं ऐकू आलं. मग ती परत आत येऊन स्वयंपाकघरात जायला हवी होती, पण पावलं रस्त्याच्या बाजूच्या खोलीकडे गेली. मी उठून दाराआडून बघितलं. तिच्या हातात तुळशीला घालायचा तांब्या होता. आमच्याकडे तो रोज चिंचेने घासतात, आरशासारखा लखलखीत. रात्री विहिरीचं पाणी भरून देवाजवळ ठेवायचं आणि सकाळी तुळशीला घालायचं. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्या चिऱ्यातून झिरपून येतं, आंबूस असतं, त्याने चकचकीत नळही कुरतडून टाकले आहेत. तिने टाकीचं झाकण सरकवलं. बारीक धार धरली. रेघेवर डोळा ठेवून, अजिबात घाई न करता ओतत राहिली आणि म्हणाली, “पी रे पुता. गरम खूप जाता. पी.”

इतके दिवस जो येत होता तो आला नव्हता. एवढंच नव्हे, त्याचं उरलेलं होतं तेही ह्या धारेने मरत होतं. आणि धार धरणारा हात माझ्या बायकोचा होता. मला राग आला. मला पहिल्यांदा रागच येतो.

“काय करतंस गो हां?” मी ओरडलो. ती दचकली, तांब्या काचेवर आपटला, पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. “तांब्यातला पाणी घालू नको! सगळी मरतत तेणी!”

तिने तांब्या छातीशी धरला. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, “तेका पाणी बंद करूया म्हणतास?”

मी लंगडत आत आलो.

“एकदा केलंय बंद,” ती म्हणाली. “डॉक्टरान सांगल्यान म्हणान केलंय. घोटभर मागी होतो. आता परत माझ्यान जावचा नाय.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खुर्चीत बसलो, कारण पाय खरंच दुखत होता आणि उभं राहवत नव्हतं. ती टाकीकडे वळली. मिटलेल्या पोवळ्यांकडे, तळाला पडलेल्या शंखांकडे तिने बघितलं. ती खुळी नाही. म्हणाली, “कोळंबी मेली ती... माझ्या पाण्यान?”

खाणीवर मी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. त्या वेळी दिला. म्हटलं, “न्हय गो. पंपाची तार जुनी जाली, तिच्यातसून तांबा उतारला. तेतूर आणखी तांब्याचा भांडा नको, इतक्याच.”

“खरां?”

“खरां.”

मी उठून लंगडत गेलो आणि मुलाचा प्लास्टिकचा जग घेऊन आलो. फिल्टरचं पाणी त्यात भरलेलंच होतं. तिच्यापुढे धरला. ती जगाकडे बघत राहिली. देवाला, मेलेल्या माणसाला प्लास्टिकच्या भांड्यातून पाणी कोण देतं? मी म्हटलं, “हो तेचो जग. तो रोज ह्याच जगान घाली होतो. पाणी बंद करूक नको. ह्या जगान घाल.” तिने दांडीला हात लावला, जिथे त्याचा हात लागून लागून प्लास्टिक गुळगुळीत झालं आहे. मग दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी स्टीलच्या गडव्यातून पडलं. देवाजवळचा तांब्या दिसेना. पुष्कळ दिवसांनी माळ्यावर काही शोधताना मला तो सापडला, जुन्या लुगड्यात गुंडाळून, गाठ मारून ठेवलेला. लग्नात तिच्या आईने दिलेला तांब्या होता तो. मी गाठ सोडली नाही. तिने मला काही विचारलं नाही, मी तिला काही सांगितलं नाही.

पाणी बदलत राहिलो, कोळसा बदलत राहिलो. बटणं विरघळून गेली, दगड उघडे पडले. लेदर पोवळं मात्र तसंच मूठ आवळून बसलं होतं. मित्र म्हणाला, काढून टाका, ते सडलं तर मासेही जातील. मी म्हटलं, राहू दे. मग एका दुपारी त्याच्या अंगावरून मेणासारखा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगायला लागला. मी धावत चमचा घेऊन गेलो, वाटलं आता सडायला लागलं. खालून नवं, फिकट पिवळं अंग निघालं होतं. आणि कडेला बारीक बोटं बाहेर येत होती, एक, मग आणखी एक.

मी बायकोला हाक मारली. आम्ही दोघं दिवा मालवेपर्यंत तिथे बसून होतो. चहा गार झाला.

अजून मी सकाळी फिरायला जातो, पण आता ती पाणी घालण्याच्या आधी एकदा टाकीकडे बघून जातो. दार हळूच उघडतो, खाकरतो. पाणी रेघेवर असेल काय, एवढंच बघायचं असतं. भर कोण घालत होतं ते मला ठाऊक आहे, डोळ्यांनी बघितलं आहे, तरी बघतो. पाणी रेघेखाली असतं. रोज असतं. पंखा फिरत असतो आणि मी चपला घालून बाहेर पडतो.

काल पोळून काढणारा उकाडा होता, रात्रभर पंखा मोठा ठेवला होता. सकाळी पाऊस येईलसं वाटलं म्हणून मी गेलो नाही, तिथेच खुर्चीत बसलो होतो. बायको न्हाऊन आली, जग घेऊन आली. काचेपाशी वाकली आणि रेघेखाली किती जागा रिकामी आहे ती बोटाने मोजली. कधी नव्हे ती माझ्याकडे बघून हसली.

“बगा,” ती म्हणाली, “आज खूप पियालो.”

वर पंखा घरघरत होता. तो तिलाही ऐकू येत होता.

“व्हय,” मी म्हटलं. “पियालो.”

आणि झाकण सरकवून धरलं, तिला नीट ओतता यावं म्हणून.